धातू बांधणाऱ्या कर्करोगविरोधी औषधांना पेशी दाद का देत नाहीत, हे प्रयोगशाळेत कसे शोधावे

ट्रायापिन, कोटी-२ यांसारखी थायोसेमिकार्बाझोन वर्गातील औषधे पेशीत लोह किंवा तांब्याशी बंध जोडून काम करतात. त्यांचा प्रतिकार तपासताना नुसत्या औषधाचा नव्हे, तर औषध आणि धातू या जोडीचा माग काढावा लागतो.

आधी प्रतिकारक पेशीवंश तयार करावा. औषधाची मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात करावी, पेशी पुन्हा जोमाने वाढू लागल्यावरच ती वाढवावी आणि मूळ पेशीवंश तितकाच काळ केवळ द्रावकासह वाढवत राहावे. पेशी वाढवण्याच्या द्रवात घातल्या जाणाऱ्या सीरममध्येही (रक्तद्रवात) लोह व तांबे असल्याने संपूर्ण प्रयोगात सीरम एकाच घाण्यातले वापरावे. काही आठवडे औषध बंद करूनही प्रतिकार टिकतो का, हे पाहावे.

मग इतर कर्करोगविरोधी औषधे देऊन पाहावीत. व्हिन्क्रिस्टिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्ही निष्प्रभ ठरत असतील, तर पहिला संशय एबीसीबी१ या पेशीपटलावरील, औषध बाहेर फेकणाऱ्या प्रथिन-पंपावर घ्यावा. व्हिन्क्रिस्टिन निष्प्रभ, पण पॅक्लिटॅक्सेल परिणामकारक असेल, तर एबीसीसी१ हा दुसरा पंप अधिक संभवतो. व्हेरापामिल किंवा एमके-५७१ देऊन पंप रोखता येतो, मात्र ही रोधके एकटी दिलेल्या पेशीही सोबत हव्यातच, कारण त्यांचा स्वतःचा विषारीपणा निष्कर्षात मिसळतो.

पंपाची पातळी वाढलेली दिसली म्हणजे उत्तर सापडले, अशी घाई बहुतेकांना होते. कोटी-२च्या बाबतीत पेशीत तयार झालेल्या तांबे-संयुगाला ग्लुटाथायोन हा पेशीतलाच छोटा संरक्षक रेणू चिकटतो आणि ही जोडणी एबीसीसी१ बाहेर टाकतो. म्हणून ब्युथिओनिन सल्फॉक्झिमिनने ग्लुटाथायोन घटवून औषधाचा प्रभाव परततो का, हे पाहणे येथे अत्यावश्यक आहे. याउलट डीपी४४एमटी या त्याच वर्गातील औषधाला एबीसीबी१ हा पंप लायसोसोममध्ये (पेशीतील पचनपिशवीत) ओढून नेतो, तेथे त्याचे तांबे-संयुग लायसोसोमचे पटल फोडते आणि पंप अधिक असलेली पेशीच आधी मरते!

शेवटी पेशीतील लोह व तांबे वस्तुमान-वर्णपटमापकाने मोजावेत आणि आकडे समान प्रथिन-प्रमाणावर मांडावेत. पंपाचे जनुक निकामी केल्यावरही प्रतिकार उरला, तर ट्रायापिनसाठी त्याचे लक्ष्य असलेल्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या डीएनएचे घटक बनवणाऱ्या विकराची (एन्झाइमची) पातळी तपासावी.