बिनसाखरेची शाकाहारी जेली: माझा अनुभव

बिनस्वादाच्या शाकाहारी मिश्रणाची जेली मी पहिल्यांदा केली तेव्हा ती घट्टच झाली नाही. वाटी तिरकी केली की सरबतासारखी एका कडेला जमा होई. चूक माझीच होती. प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन गरम पाण्यात सहज विरघळते, त्या सवयीने मी हे अगर-अगरचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, जेली घट्ट करणाऱ्या पदार्थाचे) मिश्रणही नुसते गरम पाण्यात ढवळून मोकळी झाले होते. अगर मात्र उकळावेच लागते. दुसऱ्या वेळी पावडर आधी थंड पाण्यात नीट कालवली, मग सतत ढवळत दोन-तीन मिनिटे उकळली आणि चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसेनासा झाल्यावरच आच बंद केली. लिंबाचा रस त्यानंतर घातला, कारण आम्लासह उकळल्यास अगरची पकड सैल होते. हा रस फ्रिजमधला गार नसावा. अगर साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच गोठू लागत असल्याने लगेच गुठळ्या होतात. गोडीसाठी घातलेले एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती गोड पावडर) जास्त झाले, तर जेली थंड झाल्यावर त्याचे खडे दाताखाली कचकचतात (पाहुण्यांना ती वाळूच वाटली), म्हणून मी ते निम्मे करून उरलेली गोडी स्टीव्हियाच्या (गोड पानांच्या वनस्पतीच्या अर्काच्या) थेंबांवर भागवली. साखर नसल्याने या जेलीला पाणी लवकर सुटते, तेव्हा एका दिवसात संपेल एवढीच करते.