दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी बहुकामी अवजार बनवताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानातून मी पाव किलो काळीज वेगळ्या पिशवीत घेतो. मटण घरी जातं आणि काळीज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपवर. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी बनवलेलं कुठलंही नवं अवजार आमच्याकडे आधी या काळजावर चालवून बघतात. ही सवय एका चुकीनंतर लागली.

पहिल्या अवजाराचं ड्रॉइंग बघून आम्ही सगळे खूश होतो. ५ मिलिमीटरच्या ट्रोकारमधून, म्हणजे पोटाच्या छिद्रात बसवलेल्या नळीतून, जाणारं एकच अवजार पकडणार, कापणार, कॉटरीनं म्हणजे विजेच्या चटक्यानं रक्त थांबवणार आणि वर सक्शनही करणार होतं. आम्हाला वेळ काढून शिकवणाऱ्या एका सर्जनना ते दाखवलं. त्यांनी काळजाचा तुकडा अलगद धरला आणि सोडला. वर दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या, आणि जॉच्या, म्हणजे अवजाराच्या जबड्याच्या, मागच्या कोपऱ्यापाशी पापुद्रा फाटला होता. "पोटात हे झालं असतं तर बाकी सगळं सोडून मी इथलंच रक्त थांबवत बसलो असतो," एवढंच ते म्हणाले.

आपल्याकडच्या कारागिराचा हात लोखंडानं लोखंड धरण्यावर बसलेला असतो. व्हाइसमधला जॉब हलला नाही म्हणजे पकड चांगली, हे लहानपणापासून शिकलेलं. आतडं, पित्ताशय, यकृत यांना हा नियम लावला की पहिली चूक तिथंच होते.

पकड घट्ट, पण दाब कुठं पडतो?

हिशोब साधा आहे. जॉ २० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मिलिमीटर. त्यावर अर्धा किलो जोर सारखा पसरला तर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ५ ग्रॅम येतात. तोच जोर ५ चौरस मिलिमीटरच्या कोपऱ्यावर एकवटला तर १०० ग्रॅम, म्हणजे वीस पट. आमच्या काळजाचा पापुद्रा तिथंच फाटला होता.

असं का झालं, हे शोधायला आम्हाला आठवडा गेला. जॉ रिकामे मिटले की टोकापासून ते ज्या पिनेवर फिरतात तिथपर्यंत चपखल बसत होते आणि आम्हाला त्याचाच अभिमान होता. पण मध्ये २-३ मिलिमीटर जाडीची ऊती आली की जॉ कात्रीसारखे तिरके उभे राहतात आणि पिनेजवळचा भाग सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त चावतो. म्हणून आधी कुठली ऊती धरायची आणि ती किती जाडीची, हे ठरवा. त्या जाडीवर दोन्ही जॉ समांतर यायला हवेत. असे जॉ रिकामे मिटले की फक्त टोकं टेकतात आणि मागे बारीक फट दिसते. ती फट बघून फिटर म्हणेल, काम बिघडलं. त्याला समजावून सांगा, फट भरू देऊ नका.

तपासायचं कसं? धरायच्या ऊतीएवढ्या जाडीची मऊ सिलिकॉनची पट्टी घ्या, वर कार्बन पेपर आणि साधा कागद ठेवून जॉ मिटवा. छाप सगळीकडे सारखा फिकट यायला हवा. मागे गडद आणि पुढे कोरा आला, तर पिनेची जागा चुकली आहे. दात घासून ते सुटणार नाही.

दात खोल केले की पकड वाढते हाही गैरसमज. नाजूक ऊतीसाठी जॉला खिडकी ठेवा. ऊती थोडी आत फुगते आणि कमी दाबात धरून राहते. मात्र खिडकीची कड वायर-कटमधून (तारेनं धातू कापणाऱ्या मशीनमधून) निघते तशीच सोडली तर तीच पातं होते. कड गोल करून झाली की कापसाचा बोळा फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी काम बाकी आहे. हुपरीच्या चांदीच्या कारागिराला पैंजणाची कडी बोटानं चाचपताना बघितलं होतं. डोळ्याला न दिसणारी बर, म्हणजे कडेवर उरलेली धातूची बारीक धार, बोटाला कळते, हे मी तिथं शिकलो.

एका नळीत किती कामं?

५ मिलिमीटरच्या शाफ्टची, म्हणजे अवजाराच्या लांब नळीची, भिंत ०.३ मिलिमीटरची धरली तर आत ४.४ मिलिमीटर उरतात. त्यातच जॉ ओढणारा रॉड, कॉटरीची तार आणि तिचं इन्सुलेशन जातं. सक्शनला २ मिलिमीटरची वाट उरली, तर शांत वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे घटतो, म्हणजे पूर्ण ४.४ मिलिमीटरच्या वाटेच्या साधारण तेविसाव्या भागावर येतो. त्यातून रक्ताची गुठळी यायची नाही. आमचं सक्शन पाण्यावर चाललं आणि गुठळीवर बंद पडलं, त्याचं कारण हेच.

बहुकामी अवजाराचा खरा फायदा वेगळा आहे. अवजार बाहेर काढून दुसरं घालताना हात जागा सोडतो, आणि नवं टोक कॅमेऱ्यात येईपर्यंत काही क्षण दिसत नाही. म्हणून सर्जन एकाच जागी, एकापाठोपाठ जी दोन कामं करतात तीच एकत्र करा. पकडणं आणि बायपोलर कॉटरी (जिच्यात करंट दोन जॉच्या मधल्या ऊतीतूनच जातो) यांची जोडी जमते. सक्शन आणि पाणी सोडणं यांचीही जमते. चारही कामं हवीच असतील तर १० मिलिमीटरला जा. पण मोठं छिद्र रुग्णाच्या पोटाला पडणार आहे, हे ध्यानात ठेवा.

हाताला काय कळतं?

ट्रोकार हा टेकू आहे. हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे जातं. ३३ सेंटिमीटरच्या शाफ्टपैकी ८ आत आणि २५ बाहेर असेल, तर हात २५ मिलिमीटर हलवल्यावर टोक ८ हलतं. खोल गेल्यावर हेच गणित उलटतं. त्यामुळे कापायचा ट्रिगर आणि पकडायचं हँडल एकाच बोटाच्या एकाच हालचालीत येऊ देऊ नका. जॉ पूर्ण मिटल्याशिवाय पातं पुढं सरकणार नाही, असा अडसर यांत्रिकच ठेवा.

"हँडल जड लागतं" अशी तक्रार आली की पिन ढिली करण्याचा मोह होतो. आधी रॉड काढून सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, लोळवून बघा. वाकलेला रॉड नळीला घासत असतो, आणि त्या घर्षणाखाली ऊतीचा प्रतिकार सर्जनच्या बोटाला कळतच नाही.

इन्सुलेशन

ऊती ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठायला लागते. इन्सुलेशनला चीर पडली तर करंट कॅमेऱ्याच्या नजरेआड आतड्याला भाजू शकतो, आणि ते त्या वेळी कुणालाच दिसत नाही. म्हणून मल्टिमीटरवर समाधान मानू नका. कोरडी चीर कमी व्होल्टेजला सापडत नाही, त्यासाठी हाय-व्होल्टेज टेस्टरच लागतो. जॉच्या मागची पहिली काही सेंटिमीटर सगळ्यात आधी बघा. अवजाराला वीज जोडली की मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ नुसार त्याचा वर्ग बदलू शकतो. तेव्हा तो विचार ड्रॉइंगच्या वेळीच करा.

सफाई आणि डाग

ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक केल्यावर पिनेभोवती तांबूस डाग आला की सगळे स्टीलवर संशय घेतात. आमच्याकडे कारण होतं माइल्ड स्टीलसाठी वापरलेला तारेचा ब्रश. त्याचे लोखंडी कण पृष्ठभागावर रुतले होते. स्टेनलेसचे ब्रश आणि फाईल वेगळ्या ठेवल्या, पॅसिव्हेशन (आम्लानं पृष्ठभागावरचे लोखंडी कण काढणं) नीट केलं, आणि डाग थांबले.

ज्या फटीत रक्त जातं आणि ब्रश जात नाही, ती फट ठेवूच नका. धुण्यासाठी पोर्ट द्या, पण त्याला टोपी हवी, नाहीतर पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं भरलेला गॅस तिथून निसटतो. आणि अवजार सुटं करायचं काम एकदा ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांच्या हातात द्या. आमचा स्प्रिंग-लॉक त्यांच्या ओल्या ग्लोव्ह्जमधून तीनदा निसटला. लॉकची खाच दीड मिलिमीटरनं रुंद केली, कडा गोल केल्या आणि पुन्हा घेऊन गेलो. त्यांनी न बघता तीन भाग वेगळे करून ट्रेमध्ये ठेवले.