तळणीच्या तेलावर डिझेल ट्रक चालवताय? मग आधी या चुका टाळा

माझ्याकडे १९९६ ची डॉज पिकअप आहे, ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्हचं कमिन्स इंजिन, आणि इथे ओहायोत ती हॉटेलांच्या तळणीच्या जुन्या तेलावर पळते. दोन टाक्या. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तेलावर टाकायची, बंद करायच्या आधी परत डिझेलवर आणायची. एवढं सगळ्यांनाच पाठ असतं, तरी दर नोव्हेंबरात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "दादा, गाडी ओढतच नाहीये." मी विचारतो, "तेल गरम करून गाळलंस ना?" "हो तर, मस्त कडक गरम करून, पाच मायक्रॉनच्या बारीक फिल्टरमधून, एका दुपारी अख्खा ड्रम!" झालं, इथेच माशी शिंकली.

तेल गरम केलं की पाण्यासारखं पळतं, हे खरंय. पण तळणीच्या तेलात पाम असू शकतं, चरबी असते, आणि ६० डिग्रीला हे सगळं वितळून तेलाबरोबर पाच मायक्रॉनमधून आरामात खाली उतरतं. तूप कढवून गाळलं की कसं नितळ दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी बरणीत रवाळ थिजलेलं असतं, तसंच. पाण्याचंही तेच, गरम तेलात ते जास्त विरघळतं आणि तेलाबरोबर फिल्टर पार करून जातं.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतोय. ऑक्टोबरात ड्रमला हीटरचा पट्टा लावून ५० गॅलन तेल गाळलं, रंग असा की डब्यात घालून कुणाला द्यावं. मग पहिली थंडी पडली आणि कोलंबसहून सिनसिनाटीला जाताना आय-७१ च्या एका चढावर गाडी बसली. गाडीतला फिल्टर कूलंटच्या पाण्यावर तापणारा, हाताला चटका बसत होता, तरी व्हॅक्यूम गेजची, म्हणजे तेल ओढायला किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या मीटरची, सुई पार टोकाला. डिझेलवर टाकली, घरी आणली, फिल्टर बदलला. सुई तिथेच. अजून एक बदलला, सुई तिथेच. तिसरा बदलल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की नवा फिल्टर टाकूनही सुई हलत नसेल तर बूच फिल्टरच्या आधी कुठेतरी आहे. मागची तेलाची टाकी उघडली, तेल ओढणारी नळी बाहेर काढली तर आत पांढरं लोणी! काडीने कोरून काढलं.

तेव्हापासून माझी पद्धत उलटी आहे. आधी थंड तेल निवळू द्यायचं, तीन-चार आठवडे ड्रमला हातसुद्धा लावायचा नाही, आणि ज्या थंडीत गाडी चालवायची त्याच थंडीत निवळवायचं, उन्हाळ्यात निवळलेलं तेल जानेवारीत चालेल अशा भ्रमात राहू नका. मग वरचं तेवढं उपसायचं, खालचा अर्धा फूट ड्रमातच सोडायचा, आणि थंडच गाळायचं. सुरुवातीला जुन्या जीन्सचा पाय शिवून पिशवी केलीत तरी चालेल. हळू गळतं, मान्य आहे. घाई असेल त्याने पंपावर जाऊन डिझेल भरावं.

पाणी बघायला तापलेल्या कढईत चमचाभर तेल टाका. चरचरलं, बुडबुडे आले की पाणी आहे, परत ड्रमात.

मग गरम फिल्टर कशाला? तो गाडीत हवा. ४० डिग्रीला सोयाबीनचं तेल डिझेलच्या साधारण दहापट जाड असतं, ८० डिग्रीला बरंच सुटतं तरी डिझेलपेक्षा जाडच राहतं. पण नुसता फिल्टर तापवून भागत नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी उघड्या थंडीत असेल तर तेल तिथेच अडतं, म्हणून टाकीत हीटर बसवा आणि कूलंटच्या होजला तेलाची नळी बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळा. थर्मामीटरचा सेन्सर फिल्टरमधून तेल बाहेर पडतं तिथे लावा. मी ७० डिग्री दिसल्याशिवाय तेलावर टाकत नाही, भले दहा मैल डिझेल जळो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे बंद करताना डिझेलवर न आणणं. "दोनच मिनिटं थांबलो होतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. एकदा मीही मुलाच्या फुटबॉलच्या मॅचला उशीर झाला म्हणून तशीच बंद केली, रात्री उणे १५, सकाळी गाडी ढिम्म. इंजेक्शन पंपापासून इंजेक्टरपर्यंत थंड तेल भरलेलं. टो करून गरम गॅरेजमध्ये नेली, दिवसभर तापवली, मग डिझेल ढकलून लाइनी साफ केल्या. आता मुक्कामाच्या दोन मैल आधीच स्विच टाकतो, आणि आठवण म्हणून किल्लीला लाल चिंधी बांधलीये, हसा खुशाल.

बाकीचं पटापट. तांब्याची नळी आणि जस्ताचा पत्रा तेलाला लावू नका, तेल लवकर खराब होऊन चिकट होतं. ओढणाऱ्या बाजूला क्लिप सैल असेल तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि लोक इंजेक्टर बदलत बसतात. डिझेलवरच वंगण घेणारा रोटरी इंजेक्शन पंप असेल तर दुप्पट जपा. आणि हो, ईपीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याकडे, साधं वनस्पती तेल रस्त्यावरच्या गाड्यांचं इंधन म्हणून नोंदलेलं नाही, ते आपलं आपण बघा.

कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने इंधन) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वाला नवा ट्रक असेल तर या फंदात पडूच नका. त्या फिल्टरमधली काजळी जाळायला ट्रक जादा इंधन मारतो, त्यातलं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिझेल असेल तर बरंचसं उडून जातं, खाद्यतेल उडत नाही, आतच घट्ट होत बसतं. एकाने डिपस्टिकचा फोटो पाठवून विचारलं होतं की हे काय आहे. टोकाला काळी जेली लटकत होती.