माचा गंजात उकळू नका: नागपूरकरांनो, या चुका टाळा

धरमपेठेतल्या कॅफेंत माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, दिसायला लागला, लोकांनी पुड्या घरी आणल्या आणि तेव्हापासून मला एकाच मजकुराचे फोन येतात. "तू म्हणतो तसा काही नाही लागून राहिला तो. कडूजहर झाला." मी एकच विचारतो, पाणी किती तापवलं होतं? उत्तर ठरलेलं असतं: चांगलं उकळलं होतं.

महालात माझी मावशी राहते. तिला पाजावा म्हणून हौसेनं एक डबी घेऊन गेलो. मी हातपाय धुवून येईपर्यंत तिनं गंजात दूध, साखर, ठेचलेलं अद्रक आणि दोन चमचे माचा टाकून गॅसवर चढवलाही होता. दहा मिनिटं खळखळ. मी थांबवायला गेलो तर म्हणाली, "चहाच होय ना? मग उकळल्याशिवाय कसा उतरंल?"

तिचा हिशेब आपल्या आसामच्या दाणेदार पत्तीसाठी अगदी बरोबर आहे. त्या पत्तीचा अर्क दुधापाण्यात उतरवायचा असतो आणि चोथा गाळून फेकायचा असतो. माच्यात उतरवण्यासारखं काही नसतं. अख्खं पानच दळलेलं असतं आणि ते पानासकट पोटात जातं. गंजातला रंग पाहता पाहता शेवाळासारखा झाला, तळाशी गाळ बसला, वरून अद्रकाचा वास. मावशीनं एक घोट घेतला आणि कप बाजूला सरकवला. डबीतला निम्मा माल संपला होता आणि माच्याची खरी चव तिला कळलीच नव्हती. मला त्याचंच वाईट वाटलं.

या पानामागची मेहनत कळली की उकळायला हात धजत नाही. जपानात उजी, निशिओ, यामे या भागांत तोडणीआधी साधारण तीन आठवडे चहाच्या झुडपांवर आच्छादन घालतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि थिअनिन नावाचं अमिनो आम्ल टिकून राहतं. माच्याची ती गोडसर, भरदार चव या थिअनिनचीच. मग पानं वाफवतात, न वळता सुकवतात आणि देठ-शिरा काढून टाकतात. या मालाला तेंचा म्हणतात. तो दगडी जात्यावर दळतात आणि एका जात्यातून तासाभरात 30-40 ग्रॅमच पूड पडते. अशा पुडीवर उकळतं पाणी ओतलं की कडू-तुरटपणा उसळून वर येतो आणि ती गोडी त्याखाली दबून जाते.

पाणी हवं 70 ते 80 अंश. माझ्याकडे थर्मामीटर नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करतो आणि एका चिनीमातीच्या वाटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत ओततो. प्रत्येक वेळी साधारण आठ-दहा अंश उतरतात. मे महिन्यात ओटाच तापलेला असतो, तेव्हा एक वाटी जास्त. पूड 2 ग्रॅम, पाणी 60-70 मिली. पाणी नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात चव मरते.

पूड गाळून घ्या. चहाचीच बारीक गाळणी चालते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे टाळणारे लोक नंतर पाच मिनिटं गुठळ्या फोडत बसतात. आणि चमच्यानं गोल गोल ढवळू नका. माचा साखरेसारखा विरघळत नाही, पाण्यात तरंगत राहतो. बांबूचं चासेन, म्हणजे माचा फेटायचा ब्रश, मनगटातून मागंपुढं, इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखं झपाझप चालवा, म्हणजे बारीक फेस येतो. चासेन नसेल तर कॉफी फेटायचं बॅटरीवालं यंत्र घ्या. मिक्सर नको.

आता साठवण. इथे आपल्या गावाचं हवामानच वैरी आहे. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि लोक डबी गॅसच्या वरच्या फळीवर, तेही काचेच्या बरणीत, शोभेला ठेवतात. उष्णता, उजेड, हवा, ओल आणि वास हे पाचही माच्याला खातात. एका मे महिन्यात माझं पार्सल दिवसभर चौकीदाराच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिलं. संध्याकाळी उघडलं तर पोपटी हिरव्याच्या जागी पिवळट, आणि वास वाळल्या कडब्याचा. तेव्हापासून एप्रिल ते जून मी माचा मागवतच नाही. मार्चमध्येच 30 ग्रॅमच्या दोन डब्या घेऊन ठेवतो.

डबी फ्रिजमध्ये ठेवा, पण नुसती नको. साओजी मसाल्याच्या शेजारी महिनाभर राहिलेला माचा मी एका मित्राकडे प्यायलो आहे. लवंग-दगडफुलाचा वास शेवटच्या घोटापर्यंत सुटला नाही. घट्ट झाकणाची डबी, त्यावर झिपवाली पिशवी. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. पावसाळ्यात तर हे हमखास होतं. कूलरच्या झोतातही डबी उघडू नका. उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवा.

बाकीचं थोडक्यात. पाकिटामागचे घटक वाचा. साखर पहिली लिहिली असेल तर तुम्ही साखर विकत घेतली. साधा ग्रीन टी मिक्सरवर दळला की माचा होत नाही. उंची माल म्हणून पाकिटावर छापलेल्या 'सेरेमोनिअल' या शब्दाला कायद्याचं माप नाही, रंग आणि वास पाहा. रिकाम्या पोटी घेतला तर काहींना मळमळतं. 2 ग्रॅममध्ये साधारण 60 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं, म्हणून रात्री नको. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणासोबत घेऊ नका, चहातले घटक लोह नीट शोषू देत नाहीत. चासेनला साबण लावू नका.

दुधासोबत हवा असेल तर आधी थोड्या पाण्यात फेटा, मग कोमट दूध घाला. उलटं केलं की गुठळ्या.

पण मला विचाराल तर हिवाळ्यात आपला संत्रा आणि माचा. दोन-तीन संत्री हातानं पिळा, मिक्सरमध्ये टाकू नका, बिया फुटून कडू होतं. ग्लासात बर्फ, त्यावर 150 मिली रस, वरून 50 मिली पाण्यात फेटलेला माचा चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. खाली केशरी, वर हिरवा. दूध यात अजिबात नको, फाटतं. आणि रस आधी काढून ठेवू नका. नागपुरी संत्र्याच्या रसात लिमोनिन या कडू घटकामुळे थोड्या वेळानं कडवटपणा वाढत जातो आणि मग बिचाऱ्या माच्याला दोष लागतो. मावशीला गेल्या डिसेंबरात हाच ग्लास दिला. तिनं रिकामा ग्लास पुढं केला आणि म्हणाली, "आणखी एक कर, पण गंज धुवायला लावू नको."