नातवंडांची इंग्लंडमधली शाळा : निघण्याआधी आजी-आजोबांनी वाचावं असं काही

सहा महिन्यांच्या व्हिजावर इंग्लंडला मुलाकडे निघालेल्या आजी-आजोबांना पहिला धक्का थंडीचा बसत नाही, दप्तराचा बसतो. मी कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे दप्तर दिसलं की उघडून बघायची खोड अजून गेलेली नाही. मुलाच्या गावी, इंग्लंडमधल्या रेडिंगला, नातवाचं दप्तर उघडलं तर आत वाचनाचं एक पातळ पुस्तक, एक छोटी वही आणि पाण्याची बाटली. बालभारती नाही, गणिताचं पुस्तक नाही. वर्गातल्या वह्या शाळेतच राहतात. मग पोरं शिकतात काय, हे घरी बसून कळायचं कसं? त्यासाठी हा खटाटोप.

आधी इयत्तेचा हिशेब लावून घ्या. चार वर्षं पूर्ण झाली की सप्टेंबरात रिसेप्शन, पुढच्या वर्षी इयर वन, असं इयर सिक्सपर्यंत. वयाची रेघ 31 ऑगस्टला. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेलं आणि ऑगस्टात जन्मलेलं पोर एकाच वर्गात असतं, जवळजवळ वर्षाचं अंतर असूनही. शेजारच्या मुलाशी तुलना करण्याआधी त्याचा वाढदिवस विचारा. नापास होणं नाही, पहिला नंबर नाही. टक्के विचारू नका, सूनबाई कावरीबावरी होते.

मग सुनेला किंवा मुलाला शाळेची वेबसाइट उघडायला सांगा. कोणत्या इयत्तेत काय शिकवतो हे शाळेला तिथे द्यावंच लागतं. वर्षाच्या तीन टर्म आणि प्रत्येकीचे टर्मच्या मध्यावरच्या सुट्टीने दोन भाग, म्हणजे सहा तुकडे. बऱ्याच शाळांत प्रत्येक तुकड्याला एक मुख्य विषय असतो, त्याला ते ‘टॉपिक’ म्हणतात. हा टॉपिक हाती लागला की निम्मं काम झालं, कारण इतिहास, भाषा, चित्रकला, हस्तकला सगळं त्याच्याभोवती फिरतं.

नातवाच्या वर्गात लंडनची मोठी आग चालू होती. 2 सप्टेंबर 1666, पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनर नावाच्या पाववाल्याच्या भट्टीतून सुरू झाली आणि हजारो घरं जळाली. इतिहासात हे. भाषेच्या तासाला, ती आग स्वतः पाहिलेल्या सॅम्युअल पीप्स नावाच्या लंडनकराच्या डायरीसारखी डायरी लिहायची (या गृहस्थाने आग जवळ आल्यावर आपलं पार्मेझान चीज बागेत पुरून ठेवलं होतं, पोरांना नेमकं तेवढंच लक्षात राहतं). चित्रकलेत काळी घरं आणि मागे नारिंगी ज्वाळा. हस्तकलेत पुठ्ठ्याची घरं, एकमेकांना चिकटून, आणि विज्ञानात लाकूड, वीट, काच यांचे गुणधर्म. आता संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ असं विचारलं तर उत्तर येतं ‘काही नाही’. ‘घरं लाकडाची नसती तर आग एवढी पसरली असती का?’ असं विचारा, मग जेवण थंड होईपर्यंत तो थांबत नाही.

रिसेप्शन आणि इयर वनच्या पोराला वाचायला बसवणार असाल तर फोनिक्स समजून घ्या. तिथे अक्षराचं नाव आधी नाही, आवाज आधी. ‘एम’ म्हणायचं नाही, आपला ‘म’सुद्धा नाही; ओठ मिटून नुसतं ‘म्म्’. मागे ‘अ’ चिकटला की पोराला जोडता येत नाही. आपण पाय मोडायला लहानपणीच शिकलोय, त्यामुळे आपल्याला हे साहेबापेक्षा लवकर जमतं : क्-ॲ-ट्, झालं कॅट. पुढे दोन अक्षरं मिळून एक आवाज, ‘श्’, ‘च्’ वगैरे. जूनमध्ये इयर वनची तपासणी होते, शिक्षिकेसमोर चाळीस शब्द वाचायचे. त्यातले वीस खोटे, काही अर्थ नसलेले, आणि त्यांच्या शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र. पोर शब्द पाठ म्हणून दाखवतंय की खरंच जोडून वाचतंय, ते यात उघडं पडतं. मला ही युक्ती फार आवडली. घरी कागदावर असले बिनअर्थाचे शब्द लिहून द्या, पोरं खिदळत वाचतात.

दप्तरातली ती छोटी वही म्हणजे वाचनाची नोंद. दहा मिनिटं वाचून घ्यायचं, तारीख, पान आणि एक ओळ लिहून सही करायची. आजोबांची सही चालते. पोर अडलं की लगेच शब्द सांगू नका, पाचपर्यंत मनात मोजा. चित्राकडे बघून अंदाज करत असेल तर बोट शब्दावर ठेवायला लावा.

गणितात आपले लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात, तेही प्रेमापोटी. 52 मधून 27 वजा करा. आपल्यातले बरेच जण वरच्या दोनाचे बारा करून खालच्या दोनात हातचा मिळवतात. तिथे पाच दशकांतलं एक दशक मोडून त्याचे दहा सुटे करतात, वर पाचावर काट मारून चार लिहितात, मग बारातून सात. उत्तर दोन्हीकडे 25. पण पोराच्या डोक्यात दोन्ही रीती एकदम शिरल्या की त्याची वजाबाकी आठवडाभर बिघडते. आपली रीत पिशवीत ठेवा आणि ‘तुमच्या मिस कशा करतात ते मला शिकव’ म्हणा. शिकवताना त्याचं त्यालाच पक्कं होतं. भागाकाराच्या मांडणीला तिथे ‘बस स्टॉप’ म्हणतात, ती दिसतेही तशीच.

पाढ्यांत मात्र मागे हटू नका, ती आपली जहागीर आहे. इयर फोरला जूनमध्ये पाढ्यांची परीक्षा असते, संगणकावर. बारापर्यंतचे पाढे, 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. पास-नापास नाही. सहा, सात, आठ, नऊ आणि बारा यांच्यावर भर असतो. नातीला ‘सात एके सात’पासून सुरात म्हणता यायचं, पण मधलंच ‘सात आठे?’ विचारलं की ती पहिल्यापासून गाडी सुरू करायची. सहा सेकंदांत ते कसं बसणार? म्हणून उलटसुलट विचारायचं, भाजी निवडताना, बसची वाट बघताना. इंग्रजीतच विचारा, कारण उत्तर इंग्रजीत सुचायला हवंय. आणि आकडा टाइप करायचाही सराव द्या.

इयर थ्रीपासून पुढे इतिहासात अश्मयुग, रोमन, अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग. प्राचीन संस्कृतींत इजिप्त, सुमेर, सिंधू आणि चीनमधलं शांग घराणं यांतली एक शाळा खोलात शिकवते. बहुतेकदा इजिप्तची ममी बाजी मारते. सिंधू संस्कृती आलीच, तर नातीला मोहेंजोदडोच्या जोडीला आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या दायमाबादची गोष्ट सांगा : प्रवरेकाठी 1974 साली सापडलेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. शिवाजी महाराज त्या अभ्यासक्रमात नाहीत, ती जबाबदारी आपली. रागावू नका, रात्री गोष्ट सांगा.

विज्ञानात प्रयोग भरपूर. इयर फोरला वीज, ध्वनी, दात आणि पचन, पाण्याची रूपं. चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवून आतले थेंब दाखवा, जलचक्र तिथेच संपतं. इयर थ्रीपासून एक परकी भाषा, बहुधा फ्रेंच किंवा स्पॅनिश. पोहणंही अभ्यासात आहे, इयर सिक्स संपेपर्यंत 25 मीटर आलं पाहिजे. आपल्याकडे विहिरीत ढकलायचे, तेवढं काम झालं.

धर्मशिक्षणाचा विषय असतो, त्यात ख्रिस्ती, इस्लाम, शीख, हिंदू सगळे येतात. मुलाला त्या तासातून काढून घ्यायचा हक्क पालकांना आहे. माझं मत, काढू नका. दिवाळीत शाळेने बोलावलं तर पणती आणि रांगोळीचे रंग घेऊन जा, दहा मिनिटं बोला, ‘शाळेत आग चालेल का’ हे आधी विचारा. रामायण सबंध सांगायला बसू नका.

पालकसभेला मुलासोबत जाता आलं तर जा. एकेका पोराला दहाएक मिनिटं मिळतात. शिक्षिका ‘एक्स्पेक्टेड’ म्हणाली तर इयत्तेला साजेसं, ‘वर्किंग टुवर्ड्स’ म्हणजे अजून पोहोचायचंय, ‘ग्रेटर डेप्थ’ म्हणजे चांगलंच पुढे. तिला ‘हुशार आहे का?’ विचारू नका. ‘कशात अडते, आणि घरी काय करू?’ एवढं विचारा. शाळेतून न्यायला जाणार असाल तर तुमचं नाव आधी शाळेत कळवून ठेवायला सांगा, नाहीतर फाटकाशी कितीही ‘आजोबा, आजोबा’ झालं तरी पोर ताब्यात देत नाहीत.

परत आल्यावर पाढे आणि वाचन व्हिडिओ कॉलवर चालू ठेवता येतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते आपल्या साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. त्यांची शाळा सुटून खाणं होईपर्यंत आपले रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा जेवण आधी उरकून घ्या.