नव्या रिव्हॉल्व्हरधारकाने सरावासाठी काडतुसे कशी निवडावीत

जिल्हाधिकारी कार्यालयातून शस्त्रपरवाना हाती पडला आणि रिव्हॉल्व्हर घरी आले की काडतुसांचा प्रश्न उभा राहतो. एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यातच लिहिलेले असते आणि सर्वसाधारण परवानाधारकाच्या वाट्याला येणारा हा आकडा मनसोक्त सराव करण्याइतका मोठा नसतो. म्हणून आपल्याकडे सरावाची काडतुसे निवडताना भावापेक्षा प्रत्येक बारातून आपल्याला काय शिकायला मिळणार आहे, याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली तपासणी दुकानात जाण्यापूर्वी घरीच करावी. रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून नळीवर कोरलेली अक्षरे नीट वाचावीत. आपल्याकडील बहुतेक परवानाधारकांचे रिव्हॉल्व्हर .32 बोअरचे असते आणि त्याला '.32 स्मिथ अँड वेसन लाँग' हे काडतूस लागते. हे काडतूस 1896 पासून प्रचलित आहे. मात्र काउंटरवर नुसते "बत्तीसची काडतुसे द्या" असे म्हणणे धोक्याचे आहे, कारण अशनीसारख्या पिस्तुलात चालणारे '.32 ऑटो' हे काडतूसही बोलताना बत्तीसच म्हटले जाते. काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्यात, ते बसतेसुद्धा, पण अमेरिकी मानकांनुसार त्याच्या दाबाची मर्यादा 20,500 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर लाँगची 15,000 पीएसआय आहे. बसते म्हणून चालते, असे येथे मुळीच समजू नये. दोन्ही हातात घेतली की फरक लगेच दिसतो: रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची बुडाकडची कड पुंगळीच्या (पितळी आवरणाच्या) बाहेर ठळकपणे येते, तर पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाजवळ खाच असते आणि कड जेमतेम बाहेर डोकावते. पावतीवर काडतुसाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे.

गोळीच्या आकारात मुख्यतः दोन पर्याय समोर येतात. गोल टोकाची, सुमारे 98 ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम वजनाची शिशाची गोळी हा नेहमीचा प्रकार असून, पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' हा शिक्का असतो. 1869 साली स्थापन झालेला हा कारखाना 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा भाग आहे. दुसरा प्रकार वॉडकटर. त्याचे टोक सपाट असल्यामुळे कागदी लक्ष्यावर काठ फाटलेले भोक न पडता गोल, स्वच्छ भोक पडते आणि आपली गोळी नेमकी कुठे लागली हे स्पष्ट दिसते, म्हणूनच 25 मीटर सेंटरफायर स्पर्धेतील नेमबाज ते वापरतात. वॉडकटर रास्त भावात मिळत असेल तर सरावासाठी मी तेच सुचवेन. मिळत नसेल तर गोल टोकाच्या साध्या काडतुसांवर नवशिक्याचे काहीही अडत नाही.

एकदम मोठी खरेदी न करता आधी एकच डबी घ्यावी आणि तिच्यावरील लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र बनवलेल्या काडतुसांच्या गटाचा क्रमांक, टिपून ठेवावा. प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून पाहावे. बुडाच्या मध्यभागी असलेला प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) पृष्ठभागाशी समपातळीत किंवा किंचित आत असावा, कारण वर आलेला प्रायमर चौकटीला घासतो आणि सिलिंडर अडकतो. पुंगळीला चीर, पोचा किंवा हिरवट गंज नसावा आणि बोटाने हलवल्यास गोळी डुलता कामा नये. मग रेंजवर, हात टेकवून, ठरावीक अंतरावरून एकाच लॉटची काडतुसे झाडून भोके किती जवळजवळ पडतात ते पाहावे. लॉट बदलला की ही चाचणी पुन्हा करावी. दोन लॉट मिसळून सराव केल्यास चूक हाताची की काडतुसाची, हे कधीच कळत नाही.

निर्भीकसारख्या सुमारे 500 ग्रॅमच्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. धक्क्यामुळे सिलिंडरमधील न झाडलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकू शकतात. एक सोडून बाकीची झाडावीत, उरलेले बाहेर काढून डबीतील कोऱ्या काडतुसाशेजारी उभे करावे, आणि त्याची लांबी वाढलेली दिसली तर तो लॉट त्या रिव्हॉल्व्हरसाठी घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही किंवा लक्ष्यावर भोक दिसले नाही, तर पुढचा बार अजिबात काढू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटून हाताला गंभीर इजा होऊ शकते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून थांबावे, शस्त्र रिकामे करावे, नळी तपासून घ्यावी आणि अडकलेली गोळी शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडूनच काढून घ्यावी. चाप ओढूनही बार झाला नाही, तर लगेच सिलिंडर उघडू नये. किमान 30 सेकंद नळी लक्ष्याकडेच रोखून ठेवावी, कारण काही वेळा दारू उशिरा पेटते. सिलिंडर आणि नळी यांच्यामधील फटीतून तप्त वायू बाहेर पडतो, म्हणून आधाराच्या हाताची बोटे तिच्यापुढे कधीही जाऊ देऊ नयेत.

काडतुसे पुरवून वापरायची असतील तर चाप ओढण्याचा सराव घरी डमी काडतुसांवर करता येतो. त्या वेळी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद असावीत. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्या कोल्हापुरात नेमबाजीचे मार्गदर्शन मिळणे अवघड नाही. दुधाळीच्या रेंजवर किंवा इतरत्र एअर पिस्तुलाने किंवा .22 बोअरच्या पिस्तुलाने पाया घालावा आणि .32 चा बार कोणत्या रेंजवर काढता येतो, याची आगाऊ चौकशी करावी. शेतात किंवा वरातीत बार काढणे हा सराव नव्हे: शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात इतरांचा जीव धोक्यात घालणारा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घरी काडतुसे भरण्याचा विचारही करू नये, त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात काडतुसांना ओल लागू देऊ नये. चामड्याच्या पट्ट्यात ती महिनोन्‌महिने ठेवली की पितळेवर हिरवा थर चढतो आणि तेल लावल्यास ते प्रायमरमध्ये झिरपून काडतूस निकामी होऊ शकते. मूळ डबीतच, सिलिका जेलच्या पुडीसह, हवाबंद डब्यात, रिव्हॉल्व्हरपासून वेगळी आणि कुलपात ठेवावीत. जुनी डबी आधी वापरावी, झाडलेल्या काडतुसांची तारीखवार नोंद ठेवावी आणि रेंजवरून आल्यावर काही खाण्यापूर्वी शिशाचे कण जाण्यासाठी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.