स्पॅम कॉल फोनमध्येच अडवा

वेगळं अ‍ॅप टाकायच्या आधी फोनमध्ये काय आहे ते बघा. अँड्रॉइडवर गूगलचं फोन अ‍ॅप असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉलर आयडी अँड स्पॅम’ शोधा. तिथे दोन वेगळी बटणं असतात. पहिल्यामुळे संशयित नंबर आला की स्क्रीनवर इशारा दिसतो, पण फोन वाजतोच. दुसरं, म्हणजे फिल्टर, चालू केलं की असा कॉल वाजत नाही आणि मिस्ड कॉलची सूचनाही येत नाही. तो फक्त कॉल हिस्टरीत सापडतो, त्यामुळे महत्त्वाच्या फोनची वाट बघत असाल तर तिकडे अधूनमधून नजर टाका.

आयफोनमध्ये अनोळखी नंबर सायलेंट करायची सोय आहे, पण ती सरसकट चालते. कुरिअरवाला, दवाखाना, सगळेच गप्प! नोकरीच्या मुलाखतीचा फोन यायचा असेल त्या दिवसांत ती बंदच ठेवलेली बरी.

बाहेरचं अ‍ॅप घेतलंच, तर काँटॅक्ट्सची परवानगी देताना दहादा विचार करा. त्या यादीत इतरांचेही नंबर असतात. आणि स्क्रीनवर बँकेचं नाव झळकलं म्हणून ओटीपी सांगू नका. नाव आणि नंबर दोन्ही बनावट असू शकतात.